पहिल्या पाच महिन्यांचे फोटो

प्रिय ताई,

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिला वाचनाचं वेड आहे, पण गेलं वर्षभर ती एकाच जातीची पुस्तकं वाचते आहे. कुणा मुलीला कळतं की आपलं नाव खरं नाहीच. कुणा मुलाला वडिलांच्या खणात भलत्याच आडनावाची कागदपत्रं सापडतात. मग रात्री-अपरात्री शोध, पाठलाग, आणि शेवटी घरातल्यांनी वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं काहीतरी बाहेर येतं. तिच्या वयाच्या मुलांसाठीच लिहिलेले थ्रिलर आहेत, भडक नाहीत. एरवी माझी काहीच तक्रार नसती. पण आमच्या घरातही एक गोष्ट दाबून ठेवलेली आहे. ती पाच महिन्यांची असताना आम्ही तिला दत्तक घेतलं. रीतसर, कोर्टाच्या हुकमाने. तिला हे आम्ही कधीच सांगितलं नाही. आधी ‘लहान आहे’ म्हणून, मग ‘अभ्यास बिघडेल’ म्हणून, आणि पुढे पुढे तर सांगायचं कसं हेच सुचेना म्हणून.

मागच्या महिन्यात तिने विचारलं, ‘आई, माझे अगदी पहिले फोटो कुठे आहेत? सगळ्यात लहानपणच्या फोटोतसुद्धा मी एवढी मोठी कशी?’ मी म्हटलं, घर बदलताना एक अल्बम हरवला. त्यानंतर एकदा मी तिची वही उघडली, तर शेवटच्या पानावर वर ‘नोंदी’ असं लिहिलेलं आणि खाली तीन ओळी : फोटो नाहीत. आत्या विषय बदलते. रक्तगट विचारायचा.

नवरा म्हणतो, अठरा पूर्ण होऊ देत. बहीण म्हणते, या पुस्तकांनीच तिच्या डोक्यात भरवलंय, ती बंद कर म्हणजे विसरेल. मी काय करू?

— एक आई

तुमचं पत्र वाचताना मी त्या तीन ओळींपाशी बराच वेळ थांबले. उत्तर आधी देते, कारणं मागाहून. पुस्तकं बंद करू नका. अठराची वाट पाहू नका. तिला सांगा, तुम्ही दोघांनी मिळून सांगा, आणि तिसऱ्या ओळीतला प्रश्न ती विचारायच्या आत सांगा.

ती तिसरी ओळ सगळ्यात तातडीची आहे. रक्तगट कसे वारशाने येतात हे शाळेतल्या विज्ञानात शिकवतात. आई-वडील दोघेही ओ गटाचे असतील तर मूल ए, बी किंवा एबी असणं नेहमीच्या हिशेबात बसत नाही. दोघांपैकी एक जरी एबी असेल तर मूल ओ असणं बसत नाही. क्वचित अपवाद सापडतात, पण पंधरा वर्षांची मुलगी वहीत अपवाद मांडत बसणार नाही. तुमचे गट कदाचित जुळतही असतील. तरी तिने रस्ता शोधलाय. हा बंद झाला तर दुसरा आहे. एखादा डॉक्टर सहज विचारील, ‘घरात कुणाला मधुमेह, दमा?’ आणि तुम्ही क्षणभर अडखळाल. घरबसल्या थुंकी पाठवून करायच्या डीएनए चाचण्या आहेत. आणि विषय बदलणारी आत्या आहेच. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि तुमच्या घरात तर उजाडायला आलंय.

आता पुस्तकांबद्दल, कारण तुमच्या बहिणीचा सगळा राग त्यांच्यावर आहे. मला ही पुस्तकं आवडतात आणि मी ती बरीच वाचली आहेत, म्हणून त्यांची बाजू थोडी सविस्तर मांडते.

‘मी यांचं मूल नाहीच’ ही शंका पुस्तकांनी जन्माला घातलेली नाही. 1909 साली मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याने एका छोट्या लेखात हेच मांडलं होतं : मोठी होऊ लागलेली मुलं मनातल्या मनात कल्पना करतात की हे आपले खरे आई-वडील नव्हेत, खरे कुणी दुसरेच आहेत, जास्त थोर, जास्त समजूतदार. सख्ख्या आई-वडिलांच्या घरात वाढणारी मुलंही या कल्पनेतून जातात. आई-वडिलांपासून मनाने सुटं होण्याची ती एक वाट असते. त्यामुळे तुमची मुलगी ही पुस्तकं वाचते एवढ्यावरून तिला सगळं कळलंय असं समजू नका. तिच्या वर्गातल्या कितीतरी मुली हीच पुस्तकं वाचत असतील आणि त्यांच्या वहीत अशी यादी नसेल. यादी पुस्तकामुळे झाली नाही. ती फोटो नसल्यामुळे झाली. पुस्तकाने तिला फक्त एवढं शिकवलं की फोटो नसण्याचा काही अर्थ असू शकतो.

‘आयडेंटिटी क्रायसिस’ हा शब्दप्रयोग आज कुणीही करतं. तो रूढ केला मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनने. वयात येणाऱ्या मुलांपुढचं सगळ्यात मोठं काम म्हणजे ‘मी कोण’ याचं उत्तर शोधणं, हे त्याने अभ्यासून मांडलं. त्याचं स्वतःचं बालपण माहीत आहे का? तो 1902 साली जन्मला. त्याच्या आईने पुढे एका बालरोगतज्ज्ञाशी लग्न केलं आणि हेच तुझे वडील असं त्याला सांगितलं. मुलगा सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा, उंच, घरातल्या कुणासारखाच नाही. खरं काय ते त्याला बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि जन्मदाता वडील कोण हे तर आयुष्यभर कळलं नाही. 1939 साली अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्याने आडनावच नवं घेतलं : एरिक्सन, म्हणजे एरिकचा मुलगा. ज्याच्या घरात हा प्रश्न दाबला गेला त्याने पुढे सगळं आयुष्य त्याच प्रश्नाच्या अभ्यासात घालवलं. दाबलेला प्रश्न विसरला जात नाही, हे तुमच्या बहिणीला सांगायला यापेक्षा चांगला दाखला माझ्याकडे नाही.

तिचं सध्या चालू असलेलं पुस्तक तुम्ही स्वतः वाचा. तिच्या पाळतीवर राहण्यासाठी नव्हे, तर ती काय जाणून बसली आहे हे तुम्हाला कळावं म्हणून. या गोष्टींची चाल बहुतेक ठरलेली असते. सुरुवातीला एक बारीकशी फट दिसते : एक तारीख जुळत नाही, पत्रावर अनोळखी नाव असतं, अल्बमची पानं कोरी असतात. मुलगी साधा प्रश्न विचारते. घरातलं मोठं माणूस अर्धा क्षण थबकतं आणि मग फार सहज वाटेल असं उत्तर देतं. वाचणाऱ्याला तिथेच कळतं की हे खोटं आहे. त्यापुढे दीडशे पानं ती मुलगी आपल्याच घरात चोरासारखी वावरते, दाराला कान लावते, आईच्या चेहऱ्याकडे नव्या डोळ्यांनी पाहते. आणि शेवटी जेव्हा सगळं फुटतं तेव्हा तिच्या तोंडी जे वाक्य येतं ते जवळजवळ दरवेळी सारखंच असतं : हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नाही. वाचणारी मुलं त्या पानावर रडतात ती जन्माच्या गोष्टीमुळे नाही. सगळं तिला एकटीला शोधावं लागलं, म्हणून रडतात.

‘अल्बम हरवला’ हे उत्तर तुम्ही दिलंत तेव्हा तुमच्या मुलीने अशी कितीतरी उत्तरं वाचलेली होती. तुम्हाला दुखवण्यासाठी हे लिहीत नाही. घाबरलेल्या आईच्या तोंडून ते निघून गेलं, मला समजतं. पण तुमच्या चिंतेतला सगळ्यात नाजूक धागा तोच आहे. पंधरा वर्षं न सांगणं ही एक गोष्ट झाली, आणि समोर उभं राहून विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देणं ही दुसरी. पहिल्याबद्दल ती तुम्हाला हळूहळू समजून घेईल. दुसऱ्याबद्दल तुम्हाला माफी मागावी लागेल, आणि ती सगळ्यात आधी.

म्हणून बोलायला बसाल तेव्हा सुरुवात तिथून करा. ‘तू मला फोटोंबद्दल विचारलंस, तेव्हा मी खोटं बोलले. अल्बम हरवलेला नाही. तुझे पहिल्या पाच महिन्यांचे फोटो आमच्याकडे नाहीत, कारण तेव्हा तू आमच्याजवळ नव्हतीस. तू पाच महिन्यांची असताना आम्ही तुला दत्तक घेतलं.’ एवढंच. तीन-चार वाक्यांत मुद्दा सांगून टाका. प्रस्तावना लांबली तर तिच्या मनात कुणी मेलंय किंवा तुम्ही दोघं वेगळे होताय असलं काहीतरी येईल. सांगून झाल्यावर गप्प बसा. ती शांतता तुम्हाला सोसवणार नाही, तरी ती भरून काढू नका. पुढचा शब्द तिचा असू द्या.

काही वाक्यं मात्र कटाक्षाने टाळा. ‘तुझ्या भल्यासाठीच लपवलं’ हे तर मुळीच नको. तिच्या प्रत्येक पुस्तकात खोटं बोलणारं माणूस शेवटी हेच म्हणतं, आणि वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला त्या वाक्याची चीड येते. शिवाय ते पूर्ण खरंही नाही. तुम्ही घाबरलात म्हणून लपवलंत. ‘आम्हाला भीती वाटत होती, आणि जितके दिवस गेले तितकी ती वाढत गेली’, असं म्हणा. ‘तू किती नशीबवान’ असंही म्हणू नका. कृतज्ञ राहण्याचं ओझं या क्षणी तिच्यावर टाकायचं नाही. आणि ‘तुझ्या त्या पुस्तकातल्यासारखं’ असा विषय काढू नका. ते जग तिचं आहे, तिथे ती मोकळी असते. तुम्ही ते वापरून घेतलंत तर ती जागाही तिला परकी होईल.

रडू आलं तर येऊ द्या, पण तिला तुमचे डोळे पुसावे लागतील इतकं नको. ‘आमच्यावरचं प्रेम कमी तर नाही ना होणार?’ हा प्रश्न तुमच्या ओठांवर येईल. तो तिला विचारू नका. तुमच्या नवऱ्याला विचारा, मला लिहा.

आता ती काय विचारील ते पाहू. इथे तिचं वाचन तुम्हाला उपयोगी पडणार आहे, कारण तिचे पहिले प्रश्न बहुधा तिथूनच येतील. अशा गोष्टींत दत्तक मुलाच्या मागे फार वेळा गुन्हा असतो : मूल पळवलेलं असतं, विकलेलं असतं, बदललेलं असतं. तेव्हा ‘मला चोरलं होतं का?’ हे ती विचारील, किंवा विचारणार नाही आणि रात्रभर मनात घोळवत राहील. तुम्ही होऊन सांगा. कोर्टाचा हुकूम, दत्तकाची फाइल, असतील नसतील ते कागद त्याच बैठकीत तिच्या हातात द्या. लांबून दाखवू नका, हातात द्या. तिला ते एकटीने वाचायचे असतील तर खोलीत नेऊ द्या. ज्या मुलीने वर्षभर काल्पनिक कागदांच्या मागे धावणारी माणसं वाचली, तिला आपला खरा कागद स्वतःच्या हाताने उलटता यायला हवा.

दुसरा प्रश्न नावाचा. माझं नाव आधी काही वेगळं होतं का? असेल तर सांगा. तिसरा जन्मतारखेचा. काही मुलांच्या बाबतीत तारीख अंदाजाने लिहिलेली असते. तिचीही तशी असेल तर आजच सांगा, नाहीतर दोन वर्षांनी तिला ते दुसरं गुपित वाटेल. आणि मग तो प्रश्न येईल ज्याला तुम्ही सगळ्यात जास्त घाबरता : ती कोण होती, तिने मला का सोडलं? जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगा. ठाऊक नसेल तर ‘आम्हाला माहीत नाही’ म्हणा, आणि तिथेच थांबा. चांगली वाटावी म्हणून कहाणी रचू नका. जन्मदातीला वाईट ठरवू नका, देवीही करू नका. मुलीच्या शरीरात त्या बाईचा अंश आहे, तिच्याबद्दल तुम्ही जे बोलाल ते मुलगी स्वतःबद्दल ऐकेल.

तुमच्या नवऱ्याच्या अठरा वर्षांबद्दल. कायद्याने सज्ञान होण्याचं वय आणि हे ऐकण्याचं वय यांचा काही संबंध नाही. या विषयावर काम करणाऱ्यांचा कल अनेक वर्षांपासून उलट्याच दिशेला आहे. मूल बोलायला शिकतं तेव्हापासून ‘दत्तक’ हा शब्द त्याच्या कानावर असावा, म्हणजे ‘कळलं’ असा एक दिवस त्याच्या आयुष्यात येतच नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या सुझन गोलोम्बोक यांनी दात्याच्या बीजातून किंवा सरोगसीतून जन्मलेली मुलं विसाव्या वर्षापर्यंत अभ्यासली. ज्यांना सात वर्षांच्या आत सांगितलं होतं त्यांचे आईशी संबंध पुढे जास्त चांगले दिसले. ती वेळ तुमच्या हातून गेली आहे. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण आणखी तीन वर्षं घालवण्याचं ते कारण होऊ शकत नाही. त्या तीन वर्षांत तिला दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर तुमचं स्पष्टीकरण ऐकायला ती थांबणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 सालच्या बालहक्क करारातलं सातवं कलम सांगतं की शक्य असेल तिथवर आपले आई-वडील कोण हे जाणण्याचा मुलाला हक्क आहे. अठरा झाल्यावर मिळणारा हक्क नव्हे, मुलाचा.

आपल्याकडे ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तरी एक जागा पुन्हा वाचण्यासारखी आहे. युद्धाआधी कृष्ण कर्णाला रथात घेऊन जातो आणि तू कुंतीचा मुलगा आहेस हे सांगतो. राज्य, भाऊ, मान, सगळं समोर ठेवतो. कर्ण काय म्हणतो? मला पाहताच जिला पान्हा फुटला, जिने माझं मलमूत्र काढलं, ती राधा माझी आई. अधिरथ माझे वडील. ते नातं तो सोडत नाही. रक्ताचं सत्य कळल्याने वाढवणाऱ्या आईची जागा जात नाही, हे महाभारताने लिहून ठेवलंय. आणि त्याच ग्रंथात दुसरी बाजूही आहे. युद्ध संपल्यावर, कर्ण गेल्यावर, कुंती आपल्या मुलांना सांगते की तो तुमचा थोरला भाऊ होता. तेव्हा युधिष्ठिर तळमळतो आणि चिडून शापच देतो, तोही तिने गुपित राखलं म्हणून. कर्ण भाऊ निघाला याचा त्याला राग नव्हता. सांगायला उशीर झाला, याचा होता. तुमच्या भीतीला राधेकडे पाहून धीर द्या, आणि घाई कुंतीकडे पाहून करा.

दिवस निवडताना परीक्षा, वाढदिवस आणि पाहुणे टाळा. पुढचे दोन दिवस मोकळे असतील असा दिवस घ्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिला शाळेत कोरा चेहरा घेऊन बसावं लागणार नाही. त्याआधी तुम्ही दोघं एकदा बसून आपापसात बोला. ती एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं विचारून उत्तरं ताडून बघेल. बघू दे. एकच उत्तर मिळालं की तिचा जीव थोडा थाऱ्यावर येईल.

आत्याला आणि ज्यांना ज्यांना माहीत आहे त्यांना आधी कळवा की आम्ही सांगणार आहोत, आणि सांगितल्यावर कुणीही ‘आम्हाला तर पहिल्यापासून माहीत होतं’ असं लाडाने म्हणू नये. तिच्या काळजात सगळ्यात खोल जाणारं वाक्य ते असेल. तरी ‘कुणाकुणाला माहीत होतं?’ असं तिने तुम्हाला विचारलं, तर पूर्ण यादी द्या. तिच्या मैत्रिणींना सांगायचं की नाही, कधी आणि किती, हे मात्र तिने ठरवायचं. ही गोष्ट इतकी वर्षं तुमची होती, आता तिची आहे.

ती किंचाळेल, किंवा ‘बरं’ म्हणून उठून जाईल आणि तासाभराने पुस्तक घेऊन बसलेली दिसेल. दोन्ही ठीक आहे. प्रश्न त्या दिवशी येतील असं नाही. पंधरा दिवसांनी दात घासता घासता येतील, गाडीत मागच्या सीटवरून येतील. हातातलं काम ठेवून उत्तर द्या. दोन-तीन आठवडे झोप, खाणं, शाळा सगळंच बिघडलेलं राहिलं, किंवा जगण्यात अर्थ नाही असं ती बोलली, तर दत्तक कुटुंबांसोबत काम केलेल्या समुपदेशकाकडे लगेच न्या. शेवटचं असेल तर त्याच दिवशी.

आणखी एक. तिच्या पुस्तकांतली मुलं सुगावा लागला की एकटीच अनोळखी माणसाला भेटायला निघतात. तुमच्या मुलीलाही जन्मदातीला शोधावंसं वाटू शकतं, आणि आज हातात फोन असला की शोध सुरू करायला पाच मिनिटं लागतात. मना करू नका, नाहीतर ती लपून करील. ‘तुला शोधायचं असेल तेव्हा आपण तिघं मिळून, ज्या संस्थेतून तू आलीस तिथून सुरुवात करू. काय सापडेल ते सांगता येत नाही’, असं स्पष्ट सांगा. आणि ते खरंच करायची तयारी ठेवा.

राहिली ती वही. तुम्ही ती तिला न विचारता उघडलीत. पहिल्या दिवशी हे काढू नका, त्या दिवशी तिच्यासमोर आधीच खूप असेल. पण दोन-तीन दिवसांनी, ती तुमच्याशी बोलायला लागली की, सांगा : मी तुझी वही पाहिली होती, त्या तीन ओळी वाचल्या होत्या. ती चिडेल, चिडू दे. मग तिसऱ्या ओळीचं उत्तर द्या. तुमच्या दोघांचे रक्तगट काय आहेत ते तिला सांगा आणि तिचा तिला माहीत नसेल तर तपासून घ्यायला घेऊन जा.